घर पाहावे पाडून

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. घर पाहावे पाडून, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. परंतु घर बांधण्याचा योग माझ्या वाट्याला अद्याप आलेला नाही, आणि पाडले जाणारे घर मात्र मी दोनदा जवळून पाहिले आहे. एकदा लातूर जिल्ह्यातले आमचे स्वतःचे आणि दुसऱ्यांदा मुंबईला वरळीचे, सरकारने बांधलेले. पाडावे की ठेवावे यावर दोन्ही ठिकाणी पुष्कळ वाद झाला होता. गेली बरीच वर्षे मी नांदेडला मास्तरकी करतो आहे. मॅट्रिक झालेला माणूस, इंजिनीयर नव्हे. तेव्हा या वादाचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही. मात्र दोन्ही घरांत मी झोपलेलो आहे, आणि तेवढ्याच बळावर हे लिहीत आहे.

आमचे गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून आठ-दहा कोसांवर. घर माळवदी. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या आणि त्यांच्यावर हात-दीड हात मातीचा थर. दर साल मृगापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढे. जुना कोणी काढीत नसे. पणजोबांची माती, तिच्यावर आजोबांची, तिच्यावर वडिलांची, असे ते छत पिढ्यान् पिढ्या जड होत गेले होते. चैत्र-वैशाखात बाहेर डोके तडकत असताना आत पाण्याच्या माठाजवळ बसल्यासारखा गारवा असे. पुढे ढेळज, मग अंगण, मग ओसरी. ओसरीच्या कडेला एक लांब काळा दगड होता, आणि त्याच्यावर बसून आजी आल्यागेल्याची चौकशी करीत असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. किल्लारी, तळणी, मंगरूळ आणि पलीकडे उस्मानाबादच्या हद्दीतले सास्तूर, अशी गावेच्या गावे मातीखाली गेली. उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. साडेसात हजारांहून अधिक माणसे त्या पहाटे गेली. आमच्या गावात कोणी दगावले नाही. घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा गेला, एवढेच. पण दुसऱ्या दिवसापासून गावातला एकही माणूस छताखाली झोपेना.

पुढे शहाणी माणसे आली, त्यांनी पडलेल्या भिंती तपासल्या आणि कारण सांगितले. आमच्याकडची दगडी भिंत दिसायला एक, पण असते दोन अंगांची. बाहेरून एक रचाई, आतून एक रचाई आणि मध्ये कपच्या व माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालण्याची पद्धत मोडून गेली होती. जमीन हलताच दोन अंगे एकमेकांपासून सुटली, भिंत फुगली आणि फुटली, आणि पिढ्यान् पिढ्यांची माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. दगड दोषी नव्हता. रचाई दोषी होती. म्हणून त्यांचा सल्ला असा, की घर सरसकट पाडू नका. माळवदावरची माती उतरवा, भिंतींत ठिकठिकाणी आरपार दगड बसवा, वरून सिमेंटचा पट्टा फिरवून चारी भिंती एकत्र बांधा. घर टिकेल.

सल्ला बरोबर होता असे मला आज वाटते. परंतु ज्याने आपल्या पोराला दगडाखालून उपसून काढले, त्याला दगड निर्दोष आहे हे कोणी समजवावे? १९९४ ते १९९८ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम राबवला, त्यात ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली. याशिवाय कमी नुकसान झालेल्या गावांतील दोन लाखांच्या आसपास घरांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत मिळाली. गावोगावच्या बायकांना संवाद सहायक नेमून त्यांच्यामार्फत लोकांशी बोलणे चालवले, ही त्यातली मोठी चांगली गोष्ट. पण पुष्कळांनी त्या मदतीतून जुने घर मजबूत केलेच नाही. त्यांनी विटांची, स्लॅबची एक नवी खोली उठवली आणि जुन्या घराकडे पाठ फिरवली. आमच्या वडिलांनी तर त्याच्याही पुढे जायचे ठरवले. ते जुने घर पाडायला निघाले.

आजीने विरोध केला. ती म्हणाली, "ह्याच घरात मी पाच बाळंतपणं काढली. एक खडाबी कुणाच्या अंगावर पडला नाही."

वडील म्हणाले, "पडल्यावर सांगायला ऱ्हाशील का?"

या उत्तरापुढे बोलण्यासारखे काही नव्हते. तरी आजी चार दिवस बोलत राहिली. शेवटी वडिलांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. ते म्हणाले, "वरळीची चाळ बघितलीस ना? सत्तर वर्षं झाली. सगळी सिमेंटाची. तिला काय झालंय?"

वरळीच्या चाळीचा आमच्या घराशी संबंध असा. माझ्या मावशीचे यजमान मुंबईत पोलीस शिपाई होते आणि त्यांना वरळीच्या बीडीडी चाळीत खोली मिळाली होती. भूकंपाच्या आधीच्या दोन उन्हाळ्यांत मी तिथे राहून आलो होतो. लातूरहून अरुंद रुळांच्या त्या लहान गाडीने कुर्डुवाडी गाठायची, तिथे गाडी बदलायची आणि सकाळी मुंबई. पहिल्यांदा चाळ पाहिली तेव्हा मी आईला विचारले होते, की एवढ्या मोठ्या शाळेत मावशी काय करते? तळमजला आणि वर तीन मजले. एकेका चाळीत ८० खोल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मावशीच्या खोलीत सहा माणसे आणि आलो की आम्ही तिघे. मुले बाहेर व्हरांड्यात झोपत. न्हाणीघर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली मोरी, आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. पहाटे तिथे रांग लागे. आजारी माणूस, गरोदर बाई, म्हातारा, सगळ्यांना तीच रांग. पण मावशीची एक शेजारीण मला रोज आपल्या घरातला चहा-चपाती देई, आणि मी कोणाचा कोण हे तिने कधी विचारले नाही.

या चाळी कोणी आणि का बांधल्या हे मला पुष्कळ वर्षांनी, वाचनातून कळले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे कोंदट खोल्यांत मरत आहेत हे पाहून सरकारने १८९८ साली सुधार ट्रस्ट काढला, आणि त्या ट्रस्टनेही कामगारांसाठी चाळी बांधल्या. डॉ. आंबेडकर परळला बरीच वर्षे राहिले ते अशाच एका चाळीत. पहिल्या महायुद्धानंतर शहरात घरांची टंचाई पराकोटीला गेली, तेव्हा १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे नवे खातेच उघडले. बीडीडी हे त्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचे रूप. मजुरांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा संकल्प झाला. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला. नांदेड-लातूरच्या बाजारांतून कापूस मुंबईच्या वाटेला लागे. तेव्हा त्या भिंतींत आमच्याकडच्या शेतकऱ्याचाही एखादा रुपया असेल, असे मला उगाच वाटते.

संकल्प ५०,००० चा, आणि प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. खोल्या साडेसोळा हजारांच्या घरात. सिमेंट-काँक्रीट हे त्या काळचे नवे नवल होते. परंतु ज्यांच्यासाठी बांधले त्यांना कोणी विचारले नव्हते. गिरणीपासून लांब, भाडे परवडेना आणि रूप कोठडीसारखे, म्हणून वरळीच्या कितीतरी खोल्या अनेक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रही मावेनात, तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. राहण्यासाठी बांधलेल्या घराचा तुरुंग करायला विशेष काही बदलावे लागले नाही, यातच त्या घरांची परीक्षा झाली.

पुढे माणसे आली. गिरणी कामगार आले, पोलीस आले, सफाई कामगार आले. कोकणातली, घाटावरची, दलित वस्त्यांतली कुटुंबे आली. कोठडीची खोली झाली, खोलीचे घर झाले. व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणपती, भीमजयंती, कबड्डीचे संघ, सगळे त्या व्हरांड्यांनी आणि मधल्या मैदानांनी पोसले. एवढेच सांगून थांबलो तर मात्र ते खोटे ठरेल. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीच्या चाळींत सवर्ण आणि दलित यांच्यात दंगल पेटली. दगडांचा मारा गच्च्यांवरून झाला, आणि मारणारा व मार खाणारा दोघेही एकाच मापाच्या खोलीत राहणारे होते. एका व्हरांड्याने माणसे एक होतात, हा समज गोड आहे. तो नेहमी खरा नसतो.

असो. वडिलांचा हुकमाचा पत्ता चालला आणि आमचे घर पाडायला घेतले. पहिल्यांदा माळवदावरची माती उतरवली. चार दिवस बैलगाड्या चालल्या होत्या. ती सगळी माती शेतात टाकली. मग किलच्या, कड्या, तुळया. शेवटी भिंती. समोरच्या भिंतीने मात्र दम काढला. पहारा लागल्या, टिकाव लागले, शेजारची माणसे बोलवावी लागली. आजी लिंबाखाली बसून पाहत होती. ती एकदाच बोलली : "पाडायला आठ माणसं लागूलालीत, आन् म्हणं पडल."

त्या जागी दोन खोल्या झाल्या. वर स्लॅब. उन्हाळ्यात त्या खोल्या भट्टीसारख्या तापत. आजी अखेरपर्यंत आत झोपली नाही. अंगणात बाज टाकून तिने राहिलेली वर्षे काढली. पण वळवाच्या पहिल्या गडगडाटाला आई-वडील दचकून उठून बाहेर पळत नसत, हेही मी पाहिले आहे. मग बरोबर कोण होते? आजी घराविषयी बोलत होती आणि वडील झोपेविषयी. दोघांचेही खरे होते.

आम्ही निदान आपले घर आपल्या मताने पाडले. ५२ गावांत गावाचा आराखडाच नवा आला. जमिनीच्या हिशेबाने घर मिळाले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक असलेल्यांना ७५०. रुंद सरळ रस्ते, आखीव रांगा. शहाणी, मजबूत, भूकंपाला तोंड देणारी घरे; त्यात शंका नाही. पण भावकीची गल्ली गेली, ढेळज गेली, गाय कुठे बांधावी आणि कणगी कुठे ठेवावी हे आराखड्यात बसले नाही. पुढच्या वर्षांत लोकांनी हळूहळू पत्र्याचे आडोसे काढले, पडव्या काढल्या, आणि काही जणांनी तर जुन्या गावातला दगड आणून भिंती रचल्या. सरकारने दिलेल्या घराला त्यांनी आपल्या हाताने ओसरी लावून घेतली.

इकडे वरळीला काळ आपले काम करीत होता. वडिलांना अमर वाटलेले सिमेंट समुद्राच्या खाऱ्या हवेत फुगत होते. आतल्या सळ्या गंजल्या, छताचे पोपडे पडू लागले, टेकू लागले. चाळी पाडाव्या की राखाव्या यावर वर्तमानपत्रांतून वाद सुरू झाला. शहराचा एवढा मोठा वारसा पुसून टाकू नका, असे एक पक्ष म्हणे. दुसरा म्हणे, वारसा जपणाऱ्यांनी आधी एक पावसाळा तिथे राहून दाखवावे. तिसरी शंका बाजूने निघे : मुंबईच्या मध्यावरची ही जमीन मोकळी होते ती राहणाऱ्यांसाठी, की उरलेल्या जागेवर विकायच्या मनोऱ्यांसाठी? २२ एप्रिल २०१७ रोजी पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. वरळीचे काम खऱ्या अर्थाने १ ऑगस्ट २०२१ च्या समारंभानंतर सुरू झाले. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, चाळीस मजली इमारतीत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या.

हा वाद आपल्याकडचाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-स्कॉटलंडच्या नगरपालिकांनी गरिबांच्या कोंदट गल्ल्या पाडून उंच मनोरे उभारले. १९६८ साली लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली नव्या कोऱ्या मनोऱ्याचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला, आणि लोकांचा त्या मनोऱ्यांवरचा विश्वास उडाला. अमेरिकेत सेंट लुई येथे सरकारने बांधलेल्या ३३ इमारती वीस वर्षेही धड न भरता १९७२ पासून सुरुंग लावून पाडल्या. ग्लासगोचे रेड रोडचे मनोरे तर २०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला, करमणुकीचा भाग म्हणून, सर्वांसमक्ष उडवण्याचे घाटत होते. लोक संतापले तेव्हा तो बेत सोडावा लागला. तिथे माणसे जन्मली आणि मेली होती, एवढेच त्या लोकांचे म्हणणे होते. याउलट फ्रान्समध्ये बोर्दो शहरात असल्याच ५३० घरांच्या इमारती न पाडता, राहणाऱ्यांना न हलवता, प्रत्येक घराला बाहेरून प्रशस्त काचेची पडवी जोडून दिली. ते काम २०१७ च्या सुमारास पुरे झाले. आमच्या लोकांनी पत्रे ठोकून जे केले, तेच तिथे सरकारने केले.

वरळीची पहिली घरे भरल्यावर काही महिन्यांनी मी मावशीला घेऊन तिथे गेलो. काका सेवानिवृत्त झाले तेव्हा नियमाप्रमाणे खोली सोडून ती दोघे लातूरला परतली होती, आणि काका आता नाहीत. २०२२ साली सरकारने तिथे राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना १५ लाखांत घर देण्याचे ठरवले, तोवर मावशीला चाळ सोडून कितीतरी वर्षे झाली होती. सव्वीस वर्षे त्या खोलीत काढलेली ही बाई कोणत्याच यादीत नव्हती.

मला चहा-चपाती देणाऱ्या शेजारणीला नव्या मनोऱ्यात घर मिळाले होते. तिने आम्हांला दिवाणखाना दाखवला नाही, समुद्र दाखवला नाही. आधी हाताला धरून संडास दाखवला. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. म्हणाली, "रात्री-अपरात्री बाहेर जावं लागू नये, एवढ्यासाठी मी आयुष्य काढलं गं." मावशीने तिचा हात दाबला. चाळींच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या आम्हां लेखक मंडळींना मी तो नळ ऐकवू इच्छितो.

मग चहा झाला. दार लावलेले होते. मावशीने विचारले, "शेजारी कोण आलंय?" शेजारीण थोडी थांबून म्हणाली, "आपल्याच चाळीतले असतील. नावं अजून लक्षात नाहीत." पुढे तिनेच विचारले, की लिफ्टचा, पंपाचा, रंगाचा खर्च सुरुवातीची वर्षे कोणी भरला तरी नंतर पेन्शनीतून कसा भरायचा? मला उत्तर ठाऊक नव्हते.

खाली उतरलो तेव्हा पलीकडची एक रिकामी चाळ यंत्राने तोडत होते. अर्ध्या कापल्या गेलेल्या खोल्यांचे रंग उघड्यावर दिसत होते : निळा, पोपटी, गुलाबी. एका भिंतीवर देवाची फळी तशीच राहिली होती. आठ माणसे लागली नाहीत. एक माणूस यंत्रात बसून एकेक खोली उतरवीत होता. मावशी पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "आमची मोजणीच झाली नाही बघ." तिच्या सुरात तक्रार नव्हती. घराची मोजणी होते, हे मला तेव्हा नीट कळले. फूट मोजतात, हेक्टर मोजतात, पात्र कुटुंबे मोजतात. १९२० साली मोजले, १९९४ साली मोजले, आताही मोजले. ज्याला त्या घरात झोपायचे आहे त्याला विचारणे हे मात्र मोजण्यात येत नाही. ते वेगळे करावे लागते.

पाडू नये असे मी म्हणत नाही. त्या शेजारणीचा नळ ऐकल्यावर तसे म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. आणि पाडलेच पाहिजे असेही म्हणवत नाही. समोरची भिंत पाडायला किती घाम गळाला ते मी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच, की ठरवणारा आणि राहणारा ही एकाच भिंतीची दोन अंगे आहेत. त्यांच्यामध्ये नुसत्या कपच्या भरल्या, तर भिंत दगडाची असो की सिमेंटची, ती फुटायची.

मागच्या वर्षी मी गावी गेलो तेव्हा वडील अंगणाला भिंत घालून घेत होते. पाडलेल्या घराचा दगड इतकी वर्षे परसात रचून ठेवला होता, तोच वापरायला काढला होता. ओसरीचा काळा दगडही त्यात होता. गवंडी तरुण होता, भूकंपानंतर जन्मलेला. भराभर थर चढवीत होता. वडील बाजेवर बसून होते. मधून मधून हात वर करून ते त्याला थांबवीत आणि म्हणत, "आरपारचा घाल की रे एक."